भिंतीतून उगवलेला साक्षीदार

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलेल्या मंडळींनी तर जरूर पुढे यावं, कारण आजची गोष्ट भिंतीचीच आहे आणि ती ऐकल्यावर तुम्हाला टेकवणार नाही. लहानांना मांडीवर घ्या, मोबाइल पालथे ठेवा, ज्यांना खोकायचं आहे त्यांनी आत्ताच खोकून घ्या. त्या दयाळूने सृष्टी केली तेव्हा झाडं केली, पाखरं केली, तुम्हाला-मला केलं, आणि आपण त्याचे गोडवे गातो. पण हे सगळं एक दिवस झडणार, पडणार, वाळणार, तेव्हा हा पसारा आवरणार कोण, याचीही सोय त्याने करून ठेवली होती. आणि ज्याच्यावर ते काम सोपवलं त्याला आपण काय म्हणतो? बुरशी! वर नाक मुरडतो. तर मंडळी, आज त्या बुरशीचं आख्यान.

आपल्या आख्यानातल्या गृहस्थाला सगळी इमारत पुरावेकाका म्हणत असे. काका विमा कंपनीत होते, नुकसानभरपाईचे दावे तपासायच्या टेबलावर. समोर माणूस येऊन बसला की काका चष्मा कपाळावर चढवत आणि एकच शब्द बोलत, "पुरावा?" एकदा एकाची लाकडाची वखार जळाली. बिचारा राखेची पिशवी घेऊन हजर. काका म्हणाले, "जळाली हे दिसतंय हो. पण जळायच्या आधी ती होती, याला पुरावा?" माणूस वाईट नव्हे! घरातलं मांजर शिंकलं तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. पण खुर्चीत बसलं की त्यांच्यातला माणूस फाइलीखाली दबून जायचा. तो खुर्चीचा गुण.

आणि देव किती गमत्या पाहा. ज्याने जन्मभर पुरावे मागितले, त्याच्यावरच पुरावा देण्याची पाळी आणली.

काका राहायचे मधल्या मजल्यावर. त्यांच्या डोक्यावर वकीलसाहेब, पायाखाली दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. काकांच्या घरात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढची खोली येण्याजाण्याची. मागची आईची. त्या मागच्या खोलीच्या भिंतीतून वकिलांच्या न्हाणीघराचा सांडपाण्याचा नळ खाली उतरलेला होता. भिंतीला ओल आली. आधी पंजाएवढा डाग, मग ताटाएवढा, मग एखाद्या देशाचा नकाशा, आणि त्या देशाची हद्द रोज पुढे सरकायची. आईला खोकला लागला. असा खोकला, की पहाटे उठून देवाचं गाणं म्हणायला बसली की पहिल्या ओळीतच ठसका. म्हातारी हट्टी, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. कितीतरी दिवसांत देवाने दुसरी ओळ ऐकली नव्हती.

घरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "एक तर भिंत सुकवा, नाही तर आजींना या घरातून हलवा."

काकांचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी राहायचा, नव्याकोऱ्या, खडखडीत कोरड्या घरात. तो फोनवर म्हणाला, "दादा, महिनाअखेरीस येतो आणि आईला कायमची घेऊन जातो. तुझ्या भिंतीचं काय व्हायचं ते होवो."

आईने ऐकलं. ती म्हणाली, "धाकटा चांगलाच आहे रे. पण तिथे मी एकदा गेले की ही खोली तुम्ही लोक सामानाने भराल, आणि मग मी परत यायचं म्हटलं तरी बसणार कुठे? पेटाऱ्यावर?"

काकांची जन्मल्यापासून एक सकाळ अशी गेली नव्हती की आईचा आवाज कानावर पडला नाही. मिशा पिकलेल्या माणसाने हे बोलून दाखवायचं तरी कसं?

आता तुम्ही म्हणाल, गवंडी बोलवावा, भिंत फोडावी, नळ बदलावा. इतकं सोपं असतं तर ही गोष्ट सांगायला आपण जमलो असतो का? इमारत गृहमंडळाची. परवानगीशिवाय भिंतीत खिळा ठोकायची चोरी. काकांनी रीतसर तक्रार केली. दुरुस्ती खात्याचे निरीक्षक ओल मोजायचं यंत्र घेऊन आले, भिंतीला लावलं, म्हणाले, "कोरडी." पुन्हा तक्रार, पुन्हा निरीक्षक, पुन्हा "कोरडी. डाग जुना आहे." काय व्हायचं, की निरीक्षक येण्याची सूचना वरच्या मजल्यावरही आधी जायची, आणि मग वकीलसाहेब त्या दिवशी अंघोळ करत नसत. आदल्या दिवशीही नसत. कायद्यासाठी माणसं काय काय त्याग करतात!

काकांनी जिन्यात त्यांना गाठलं, तर ते दोन पायऱ्या वरूनच म्हणाले, "भिंत तुमची, ओल तुमची. माझ्या नळाचा संबंध आहे, असं म्हणायला तुमच्याकडे पुरावा काय?"

काका त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि मग एके सकाळी, चहाचं आधण ठेवलेलं असताना, मागच्या खोलीतून काकूंची किंकाळी आली. "अहो! अहो, भिंतीतून काहीतरी निघालंय आणि त्याने टोपी घातलीय!"

काका धावले. भिंत आणि फरशी जिथे भेटतात, त्या फटीतून चार नाजूक, पांढुरके देठ वर आले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर मधाच्या रंगाची टोपी, टोपीवर पिठूर कण. एकमेकींना खेटून उभ्या, जणू नव्या घरी आलेल्या आणि कोणी बसा म्हणेपर्यंत उभ्या राहिलेल्या पाहुण्या.

"कुत्र्याच्या छत्र्या!" काकूंनी केरसुणी उचलली.

"खबरदार!" काका असे ओरडले की गॅसवरचं आधणही दचकलं असेल. "हात लावू नको! अगं, ओल असल्याशिवाय ही उगवते का? हा पुरावा आहे, पुरावा! चालता-बोलता नसेल, पण जिवंत!" आणि तो मनुष्य फरशीवर पालथा पडून त्या अळंब्यांकडे असा बघू लागला, की काकूंनी लग्नानंतर पहिल्यांदाच केरसुणीचा आधार घेतला.

शेजारी एक बाई राहायच्या. जन्मभर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. किंकाळी ऐकून त्या आल्या, हातात भिंग घेऊनच आल्या, आणि काकांच्या शेजारी त्याही पालथ्या पडल्या.

"अहाहा! काय सुंदर आहे हो! ही शाईची अळंबी. पण काका, हे जे दिसतंय ना, ही नुसती फळं. झाड आत आहे."

"कसलं झाड?"

"झाड म्हणजे झाड नव्हे. तंतू. केसाहून बारीक धागे. तुमच्या भिंतीत नळाभोवती जुन्या लाकडी फळ्या असणार, त्या फळ्यांतून त्यांचं जाळं पसरलंय. तेच खरं शरीर. आंब्याने वर्षातून एकदा फळावं आणि बाकीचं वर्ष जमिनीखाली लपून बसावं, तसं."

"पण मग ते खातं काय?" आईने दारातून विचारलं. तिला काकूंनी पुढच्या खोलीत हलवलं होतं, पण ती तिथे राहणारी नव्हे.

"लाकूड खातं, आजी! आपण आधी गिळतो आणि मग पचवतो. बुरशी आधी पचवते आणि मग गिळते. अंगातून रस सोडते, बाहेरच्या बाहेर लाकूड विरघळवते आणि मग शोषून घेते. वाळलेलं पान, पडलेलं खोड, सगळं असंच मातीला परत मिळतं. ही मंडळी नसती तर जंगलात पाय टाकायला जागा राहिली नसती. जगातल्या बहुतेक झाडांच्या मुळांनाही बुरशीचे धागे बिलगलेले असतात. झाड साखर देतं, ती पाणी आणि क्षार आणून देते. पाव फुगतो तो तिच्यामुळे. तुम्हाला खोकल्यावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात ना, त्या घराण्यातलं पहिलं औषध बुरशीतूनच निघालं."

"म्हणजे खोकलाही हिच्या घरचा आणि औषधही हिच्याच घरचं," आई म्हणाली. "देवाने हिशोब चोख ठेवलाय."

"आणि गंमत सांगू? ही वनस्पती नाहीच! जन्मभर मी वनस्पतींबरोबर शिकवली, पण नातं लावायला गेलं तर ही झाडांपेक्षा तुम्हा-आम्हाला जवळची."

"भाऊबंदच की मग," आई म्हणाली. "तरीच भिंतीवरून कज्जा."

मास्तरीणबाई इतक्या हसल्या की भिंगावर वाफ धरली. आणि काका? काका उठून उभे राहिले होते, छाती पुढे आली होती. चेहऱ्यावर असं तेज, की दाढी अर्धीच झालेली आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये. तसेच ते दुरुस्ती खात्यात गेले.

खात्याच्या खिडकीत एक तरुण बसला होता. काका म्हणाले, "माझ्या भिंतीवर अळंबी आली आहे."

"अभिनंदन," तो म्हणाला.

"अहो, भिंतीत ओल आहे याचा तो पुरावा आहे! हा घ्या फोटो."

त्याने फोटो उलटासुलटा पाहिला. "अळंबी आहे, मान्य. पण ती तुमच्याच भिंतीवर आहे, याला पुरावा?"

सज्जनहो, त्या क्षणी काकांच्या डोळ्यांपुढे कोण कोण उभं राहिलं असेल! वखारवाला त्यात सगळ्यात पुढे होता.

"प्रत्यक्ष पाहणी लागेल," तरुण म्हणाला. "निरीक्षक दौऱ्यावर आहेत, आले की पाठवतो. तोपर्यंत अळंबीच्या स्थितीत बदल होऊ देऊ नका. आहे तशीच राहिली पाहिजे. नियम आहे."

काका उड्या मारत घरी आले. मागच्या खोलीत गेले, आणि पाहतात तो काय! टोप्यांच्या कडा वर वळल्या होत्या, चिरल्या होत्या, आणि त्यांतून काळा रस ठिबकत होता. संध्याकाळपर्यंत त्या चारही पाहुण्या वितळून गेल्या. फरशीवर उरला काळ्या शाईचा एक डाग.

"बाई! मेली हो!" काका शेजारच्या दारात.

"मेली? छे!" मास्तरीणबाईंना आनंदाचं भरतं आलं. "अहो, ती स्वतःला स्वतःच पचवते! बाहेरची कड आधी पिकते, तिथले बीजकण उडून जातात, मग ती कड वितळते म्हणजे आतल्या कडेला वाट मोकळी. लाखो बीजकण सोडलेत तिने तुमच्या खोलीत! पूर्वी कुठे कुठे या रसाची शाई करून लिहीतसुद्धा. काय भाग्य हो तुमचं!"

काका म्हणाले, "निरीक्षक येईपर्यंत थांबायला तिचं काय जात होतं?"

तर मुद्दा असा की सरकारचा दिवस आणि अळंबीचा दिवस वेगळा. सरकारचा दिवस म्हणजे पंधरवडा, आणि अळंबीचा पंधरवडा म्हणजे दिवस. दोघांची गाठ घालायची तर एकच उपाय, पीक सतत चालू ठेवायचं. एक गेली तर दुसरी तयार पाहिजे. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आत धागे आहेत, पुन्हा फळं येतील. पाणी मात्र हवं." एवढंच त्या म्हणाल्या. पुढचं सगळं काकांचं.

ज्या भिंतीची ओल जावी म्हणून काकांनी खात्याचे उंबरठे झिजवले होते, त्या भिंतीला काका आता पाणी घालू लागले! आधी कपडे इस्त्री करताना मारतात त्या फवाऱ्याने. मग बागेतल्या झारीने. मग पोतं भिजवून भिंतीला लावलं. जिन्यात बातमी फुटली आणि सल्ल्यांची रीघ लागली. समोरचे निवृत्त स्टेशनमास्तर म्हणाले, "अंधार करा. मालगाडीच्या बंद डब्यात मी हातभर वाढलेली पाहिलीय." काकांनी खिडकीला चादर लावली. कोणी म्हणालं चहाचा चोथा घाला, कोणी म्हणालं गूळपाणी शिंपडा. गूळपाण्याने अळंबी आली नाही, मुंग्या आल्या, आणि काकूंनी माहेरी जायची भाषा सुरू केली. एक जण येऊन म्हणाला, "एवढं कशाला, परतून खाऊन टाका," तर मास्तरीणबाई त्याच्या अंगावर धावून गेल्या. "न ओळखलेली अळंबी तोंडात घालायची नाही! आणि हिला तर अजिबात नाही, ही साक्षीदार आहे!"

आई पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून हे सगळं बघायची, आणि कोणी नाही असं पाहून आपल्या पेल्यातलं उरलेलं पाणी हळूच भिंतीच्या मुळाशी ओतून यायची. विचारलं तर म्हणायची, "पाहुण्यांना पाणी तरी द्यावं माणसाने."

काकांनी ऑफिसात रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. काका म्हणाले, "घरी अळंबी आहे." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ते अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "हवी तेवढी घ्या. आणि झोप होतेय ना नीट?" मंडळी, पूर्ण नोकरीत ज्याने कधी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्याच्या शब्दावर कोणी पहिल्यांदा विश्वास ठेवला तो असा. काका मान खाली घालून घरी आले.

पण घरी आले आणि अपमान विसरले! मागच्या खोलीत भिंतीच्या कडेने गर्दी उसळली होती. लहान, मोठ्या, जुळ्या, तिळ्या. कोणी नुकतं डोकं वर काढतेय, कोणी टोपी उघडतेय, आणि एक तर थेट आईच्या पलंगाच्या पायाला रेलून उभी. काका टाळ्या वाजवत सुटले. मास्तरीणबाई भिंग घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत होत्या. काकूसुद्धा पदराचा बोळा तोंडावर धरून, पण कौतुकाने, म्हणाल्या, "ती कोपऱ्यातली टोपीवाली किती ऐटीत उभीये नाही?" दोन-तीन दिवसांत निरीक्षक येणार असल्याचा निरोपही आला होता. आणि भिंत कशी, की बोट लावलं तर बोट ओलं.

म्हणून काकांनी आनंदाच्या भरात आणखी एक बादली ओतली.

आता आपण क्षणभर खालच्या मजल्यावर जाऊ. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत एक माणूस आडवा पडला होता. डाव्या बाजूची दाढ, आत खोल कीड. डॉक्टरांनी यंत्र लावलं होतं, तोंडात कापूस, डोळ्यांवर दिवा. "आ करा. मोठा आ. अजून मोठा." त्याने जेवढा होईल तेवढा आ केला. आणि वरच्या छताला फुगलेला एक थेंब, ज्याने आतापर्यंत कुठे पडावं हे ठरवलं नव्हतं, तो नेमका त्या उघड्या तोंडात पडला. मागोमाग दुसरा. मग छताचा पापुद्रा. तो माणूस ताडकन उठला, गळ्यातला रुमाल तसाच, आणि जो पळाला तो पैसे विचारायलासुद्धा थांबला नाही.

डॉक्टर चिमटा हातात घेऊनच वर आले. "काका! माझ्या पेशंटच्या तोंडात तुमचं घर पडतंय!"

"डॉक्टर, जरा दोन दिवस कळ काढा. साक्षीदार..."

"कळ पेशंट काढतात, मी नाही!" डॉक्टर गरजले, आणि तडक दुरुस्ती खात्यात गेले.

बघा हं आता. काकांची तक्रार राहत्या घराची, म्हणून ती फाइल बैलगाडीने चाललेली. डॉक्टरांची तक्रार दवाखान्याची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची. ती विमानात बसली. दुसऱ्या दिवशी सकाळीच निरीक्षक दारात, सोबत हातोडा-छिन्नी घेतलेला गवंडी.

"या साहेब, या!" काकांनी त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. "बघा! डोळे भरून बघा! आता म्हणा कोरडी!"

निरीक्षकांनी अळंब्यांकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, झारीकडे पाहिलं. "तुमच्या तक्रारीची पाहणी परवा आहे. ते काम वेगळं. आज मी खालच्यांच्या तक्रारीवर आलोय. आज तुम्ही तक्रारदार नाही. आज तक्रार तुमच्यावर आहे."

काकांच्या हातातली झारी कलंडली.

"एकच प्रश्न," निरीक्षक म्हणाले. "या भिंतीवर तुम्ही पाणी ओतलंत का? ओतलं असेल तर ओल तुमची, गळती तुमची, आणि तुमची आधीची तक्रार खोटी म्हणून निकालात निघेल. नीट विचार करून सांगा."

निकालात निघेल, म्हणजे भिंत तशीच राहील. म्हणजे महिनाअखेर. म्हणजे आईची पिशवी भरलेली. काकांच्या जिभेवर तो शब्द आपोआप येऊन बसला. ओतलं म्हणताय? पुरावा? पोतं कशाचंही असू शकतं, झारी कोणाचीही असू शकते. हा शब्द त्यांच्याइतका सफाईने त्या गावात दुसऱ्या कोणाला उच्चारता येत नव्हता. काकूंनी डोळ्यांनी खूण केली, म्हणा, म्हणा. काकांनी आईकडे पाहिलं. आई फक्त बघत होती.

"ओतलं," काका म्हणाले. "फवाऱ्याने, झारीने आणि काल बादलीने. ओल आधीची आहे, देवाशपथ आधीची आहे. पण तिच्यावर पाणी मी ओतलं."

"थोडं मीही," आई म्हणाली. "पेल्याने."

निरीक्षकांनी एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं उत्तर ऐकलं नसावं. त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग गवंड्याकडे वळून म्हणाले, "फोड."

"परवानगी?" काकांच्या तोंडून निघून गेलं. "मी इतके दिवस मागतोय ती परवानगी?"

"ती तक्रारदाराला लागते. ज्याच्यावर तक्रार असते त्याची भिंत आम्ही तशीच फोडतो."

हातोडा पडला. गिलावा कोसळला, धुळीचा लोट उठला, आणि धूळ खाली बसली तशी मास्तरीणबाईंनी अशी आरोळी ठोकली की स्टेशनमास्तरांना गाडी आली असं वाटलं.

"बघा! बघा हो बघा!"

भिंतीच्या आत नळाभोवती जुन्या फळ्यांची पेटी होती, आणि त्या फळ्यांवर नारिंगी गालिचा अंथरलेला होता! लोकरीसारखा दाट, गंजाच्या रंगाचा, खालून वरपर्यंत. आई पुढे आली, खोकायचं विसरली. निरीक्षकांनीही टोपी काढली, आता ती धुळीमुळे की आदराने, देव जाणे.

"हे तिचे धागे!" बाई फळ्यांवर भिंग फिरवत म्हणाल्या. "साहेब, एवढा गालिचा चार बादल्यांवर होत नाही. याला केवढा काळ लागला असेल! आणि दाट कुठे आहे ते बघा. खाली, जिथे काकांनी पाणी ओतलं, तिथे विरळ. वर बघा, वर! छताजवळ हाताएवढा जाड! पाणी ज्या बाजूने येतं तिकडे ती दाटते. ही वरून खाली आलीय, साहेब, खालून वर नव्हे!"

"तर्क चांगला आहे," निरीक्षक म्हणाले. "पण वरून पाणी येतंय, याला प्रत्यक्ष..."

त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. कारण आजची पाहणी खालच्यांच्या तक्रारीवर होती, आणि तिची सूचना वरच्या मजल्यावर गेलीच नव्हती. वकीलसाहेब निर्धास्त मनाने, खड्या आवाजात गाणं म्हणत, अंघोळीला बसले होते. वर पहिली बादली ओतल्याचा आवाज आला, आणि छताजवळच्या सांध्यातून कोमट, साबणाचं पाणी भळाभळा खाली आलं आणि थेट निरीक्षकांच्या ओल मोजायच्या यंत्रावर पडलं. यंत्राने एक लांब शिट्टी मारली आणि ते कायमचं गप्प झालं.

निरीक्षक भिजलेल्या चष्म्यातून वर बघत म्हणाले, "साबण चंदनाचा दिसतोय."

पुढचं काय सांगू! वकीलसाहेब टॉवेल गुंडाळूनच जिन्यात आले, आणि टॉवेलमधल्या माणसाला युक्तिवाद करता येत नाही हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्या न्हाणीघराची फरशी उकरली, नळाचा सांधा बदलला. झाडून सगळं खालच्यांच्या तक्रारीवर! काकांची स्वतःची फाइल मात्र, ओल मोजायचं यंत्र बिघडल्यामुळे, अजून "पाहणी बाकी" म्हणून तशीच पडून आहे. भिंतीवर पाणी ओतल्याबद्दल दवाखान्याचं छत काकांनी स्वतः रंगवून द्यावं, असा हुकूम निघाला. ते काका आनंदाने शिडीवर चढले, आणि डॉक्टरांनी खाली उभं राहून "इथे राहिलं, तिथे राहिलं" म्हणत सगळा सूड उगवून घेतला.

कुजक्या फळ्या निघाल्या, त्यांच्याबरोबर तो गालिचाही गेला. मास्तरीणबाईंनी एक फळी मागून घेतली आणि आवारातल्या झाडाखाली, पाचोळ्यात नेऊन ठेवली. "हिचं काम तिथे आहे," त्या म्हणाल्या.

महिनाअखेरीस धाकटा भाऊ आला, मोठी पिशवी घेऊन. भिंतीला हात लावून पाहिला, तळवा गालाला लावून पाहिला, पुन्हा भिंतीला लावून पाहिला. घरच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. आई आपल्या पलंगावर पाय हलवत बसली होती. "आलास तर राहा चार दिवस," ती धाकट्याला म्हणाली. "पिशवी मोठी आणलीस ते बरं केलंस. पुढच्या खोलीत झोपशील तेव्हा उशाला होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करत होते. मागच्या खोलीतून आवाज आला. पहिली ओळ झाली. काकांचा हात थांबला. मग दुसरी ओळ आली, आणि तिसरी, आणि आई अशी गात सुटली की थांबेचना. काकांच्या गालावरचा साबण वाळून गेला, तरी ते तसेच उभे होते.

आता आख्यान आवरतं घेतो, पण उठायच्या आधी एक मागणं आहे. नंतर सगळ्यांनी सगळ्यांचे आभार मानले. मास्तरीणबाईंचे मानले, डॉक्टरांचे मानले, वकीलसाहेबांच्या अंघोळीचेसुद्धा मानले. पण ज्याने मोठा आ केला, म्हणून डॉक्टर चिडले, म्हणून ती फाइल धावली, त्या माणसाला कोणीच काही कळवलं नाही. तो पुन्हा दवाखान्याकडे फिरकलाच नाही. त्याची डावी दाढ अजून अर्धी कोरलेली असणार. तर मंडळी, जेवताना उजव्याच बाजूने चावणारा कोणी गृहस्थ तुम्हाला भेटला, तर माझी आठवण नको, त्याची ठेवा. त्याला जवळ बसवा आणि सांगा, बाबा, तुझं दुखणं वाया गेलं नाही, म्हातारी आपल्या खोलीत आहे आणि पुढच्या ओळी गातेय.